बुडख्याचा खर्च

१

सोमवार म्हणजे वामाइथाचा चादरींचा वार. मोंबासातल्या एका मोठ्या हॉटेलात खोल्यांची देखरेख करण्यात तिचं उभं आयुष्य गेलं होतं. उशीचा अभ्रा उलटा चढवलेला असला तर तिला दारातूनच कळायचं, आणि हाताखालच्या पोरी तिच्या चपलांचा आवाज ऐकून गप्प व्हायच्या. आता निवृत्त होऊन ती लिमुरूच्या वरच्या टेकडीवर, बापाच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने बांधलेल्या दगडी घरात राहत होती. एकटीच. तरी सोमवारी चादरी बदलायच्या म्हणजे बदलायच्या. झोपणारं माणूस एक असलं म्हणून पलंग पारोसा ठेवायचा की काय?

जानेवारीत त्या टेकडीवर असं ऊन पडतं की फडका दोरीवर टाकून चहा ठेवावा आणि चहा पिऊन होईपर्यंत फडका वाळलेला असावा. त्या सोमवारी तिने सकाळीच चादर धुतली, झटकून दोरीवर घातली, दोरीला मधोमध काठीचा टेकू दिला आणि आत जाऊन मका-घेवडा शिजत ठेवला. दुपारी चादर काढायला गेली तर चादर ओली.

सगळी नाही. दोन्ही टोकांना वाळून कडक झाली होती, शेजारचा टॉवेलही खडखडीत होता. मधला भाग तेवढा गार आणि दमट. तिने हात फिरवून बघितला, आणि मग तिला डाग दिसले. पाखरांच्या विष्ठेचे जांभळट डाग, त्यांत कडक बारीक बिया. एखाददुसरा डाग असता तर तिने बघितलंही नसतं. हे चांगले पसाभर होते आणि सगळे एकाच जागी.

तिने वर बघितलं. वर निळं आभाळ होतं आणि त्यात काहीही नव्हतं. पाखरांना बसायला ना तार, ना फांदी. तिच्या वाट्याच्या तुकड्यात कमरेएवढ्या चहाच्या झुडपांपलीकडे काही उगवलेलंच नव्हतं.

"उडता उडता केली असेल घाण," ती स्वतःशी म्हणाली. पण उडणारी पाखरं एकाच जागी नेम धरून कशी घाण करतील, हे तिच्या मनाने लगेच विचारलं. खोलीत जे जुळत नाही ते टिपायची सवय अशी सुटत नाही. तिने मनाला गप्प बसवलं आणि चादर पुन्हा भिजवली. वाकून उठताना तिच्या लक्षात आलं की इतका वेळ ती दोरीपाशी उघड्या डोक्याने उभी होती, तरी ऊन लागलं नव्हतं.

२

आता थोडं मागे जायला हवं, म्हणजे तिच्या भावाकडे.

कागिरी तिच्याहून मोठा. टेकडीच्या माथ्यावर त्याचं घर, त्यात बायको, पोरं आणि म्हातारी आई. चर्चच्या कारभाऱ्यांत त्याचं नाव पहिलं, आणि हात इतका आखडता की घरात मीठसुद्धा तो स्वतः काढून द्यायचा. त्याच्या अंगणात मुइरीचं एक जुनं झाड होतं. आजोबांनी रान तोडून जमीन केली तेव्हा तेवढं एक उभं ठेवलेलं. तोडलेल्या झाडांतून जे उठलं त्याला बसायला जागा हवी, म्हणून एक झाड ठेवायची तेव्हा रीत होती. हल्ली असलं कोणी बोलत नसे. चहाच्या कारखान्यातल्या मजुरांना भाड्याने द्यायला खोल्या बांधायच्या म्हणून कागिरीने ते झाड पाडलं आणि खोड वखारवाल्याला विकलं.

बुडखा राहिला. दोन माणसांच्या पलंगाएवढा रुंद, आणि निघता निघेना. गिताही ट्रॅक्टरवाला साखळी लावून ओढायला आला तर साखळी तुटली. दुसऱ्यांदा आला तर ट्रॅक्टरचीच पुढची चाकं वर उचलली गेली. "हा बुडखा नाही, सासरा आहे," गिताही म्हणाला. "एकदा बसला की उठायचं नाव नाही." जसजसा बुडखा अडून बसला तसतसा गिताहीचा भाव चढला, आणि कागिरीने खाली बहिणीला निरोप धाडला: जमीन दोघांची, तेव्हा खर्चही दोघांचा. वामाइथाने उलट निरोप पाठवला: मग खोल्यांचं भाडंही दोघांचं. त्यावर बोलणं बंद झालं.

आणि एक दिवस कागिरी स्वतः उतरून आला. तिच्या स्वयंपाकघरात बसला, चहा मागून घेतला, भिंतीचा रंग छान आहे म्हणाला.

"जाऊ दे गं," तो म्हणाला. "बुडख्याचा सगळा खर्च माझा. तू एक शिलिंग द्यायचा नाहीस."

"काय झालं? लॉटरी लागली?"

"बहीण आहेस. सारखं काय तोडून बोलायचं? शनिवारी वर ये. बोकड कापतोय. आई वाट बघतेय तुझी."

तो गेल्यावर वामाइथा बराच वेळ कप धुवत राहिली. या घराला तिने आयुष्यभर पैसे पाठवले होते. आईच्या छपराचे पत्रे, पुतण्यांच्या शाळेची फी, कागिरीची पहिली गाय, सगळं तिच्या पगारातून. तुझा वाटा मी भरतो, असं तिला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

शनिवारी ती पोरांना खाऊ घेऊन गेली, पण पोरं दिसली नाहीत. आत आहेत, सर्दी झालीय, असं वहिनी म्हणाली. आईने मात्र जवळ बसवून घेतलं. वामाइथाला आईच्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून आई तिला लहानपणापासून "आई" म्हणूनच हाक मारायची. "खा, आई, खा," म्हणत तिने भाजलेल्या मटणाचे मऊ तुकडे निवडून लेकीच्या ताटात घातले. वामाइथाला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, आपण घरी आलो.

निघताना कागिरी खाली सोडायला आला. बुडख्याला एक काठी टेकवून ठेवलेली होती, ताजी, एका टोकाला साल काढलेली. ती त्याने तिच्या हातात दिली. "घे. उतार निसरडा आहे."

जानेवारीत कसला निसरडा, तिच्या मनात आलं. पण भाऊ काळजी करतोय तर करू द्यावी. ती काठी टेकत पुढे चालली आणि तो मागून. सगळ्या उतारावर तो हळू आवाजात बोलत होता. "चला, सावकाश. अजून थोडं. हे काय, आलंच घर." लहानपणी गुरं आणताना तो असाच बोलायचा, हे आठवून तिला हसू आलं.

दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "काठी इथं चौकटीला टेकव." तिने टेकवली. "चहा घेऊन जा, दादा," म्हणून ती वळली, तर तो चढण चढू लागला होता, आणि एकदाही त्याने मागे बघितलं नाही.

३

त्या सोमवारनंतर घरात थेंब पडू लागले.

ती बैठकीच्या खोलीत पडदे शिवत बसली होती. टप. मग थोड्या वेळाने कपाटाजवळ टप. मग एकदम चारपाच, दाराच्या बाजूला. छप्पर नवं कोरं होतं आणि बाहेर लख्ख ऊन होतं. तिने उठून फरशी बघितली, फरशी कोरडी. तिने खाली घमेलं ठेवलं. आवाज आला, घमेल्यात काही नाही. शिडी लावून, बॅटरी घेऊन ती माळ्यावर चढली. तिथे सुताराने सोडलेल्या भुशावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता, आणि तेच तिला आवडलं नाही. जुलैत टेकडीवर धुकं बसतं तेव्हा पाऊस नसतानाही मोठ्या झाडांखाली थेंब पडत राहतात. शाळेत जायच्या आधी ती आणि कागिरी डोक्यावर पोतं घेऊन त्या मुइरीखाली उभी राहत, तेव्हा पोत्यावर असेच थेंब वाजत. पण हा जानेवारी होता आणि हे घर होतं.

पत्रे तापतात, आवाज करतात, तिने स्वतःला समजावलं. नाहीतर आपले कान गेले. हॉटेलच्या यंत्रांची घरघर इतकी वर्षं ऐकल्यावर कान धड राहतील का कोणाचे? एवढं ठरवून ती पुन्हा शिवायला बसली. तरी पडद्याच्या टाक्यांचा ताल त्या थेंबांशी जुळायला लागला, तेव्हा तिने शिवण गुंडाळून ठेवली.

मग करकर सुरू झाली. नवं लाकूड वाळताना करकरतं, हे सुताराने आधीच सांगितलं होतं, म्हणून पहिले दोन दिवस तिने मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी ती नीट कान देऊन बसली. आवाज घराच्या एका अंगाला उठायचा, सगळ्या खोल्यांवरून सावकाश दुसऱ्या अंगाला जायचा आणि तसाच परत यायचा. झोपलेल्या जड माणसाने कूस बदलावी तसा. तो ओसरीवरूनही जायचा, आणि ओसरीवर लाकूड नव्हतंच, तिथे उघडं आभाळ होतं.

काठी ती रोज संध्याकाळी घरात घेत असे. दिवसा दोरीला टेकू, रात्री दाराआड. बाहेर काही पडू द्यायचं नाही ही जुनी शिस्त. दादाला परत द्यायला हवी, असं रोज मनात यायचं, पण मायेने दिलेली वस्तू अशी घाईने परत करवत नव्हती.

पाखरांचं तिला एका संध्याकाळी कळलं. सूर्य मावळतीला टेकला होता आणि घरावर एकदम गलका सुरू झाला. दिवे लागायच्या सुमाराला मैना एका जागी जमतात आणि बसायच्या जागेवरून भांडतात, तसला. पत्र्यावर बसल्या असतील म्हणून ती हाकलायला झाडू घेऊन बाहेर आली. पत्रा रिकामा होता. गलका त्याच्या खूप वर होता. तिथे शेपन्नास पाखरं दाटीवाटीने हलत होती, काही वरती, काही खाली, कोणी कोणाला ढकलत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पंख मिटलेले होते.

वामाइथा आत आली आणि तिने दाराला कडी घातली. मग झाडू हातातच राहिलाय हे तिच्या लक्षात आलं.

४

निजायच्या खोलीची भिंत तिने मुद्दाम पांढरी ठेवली होती. दुपारी पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट त्या भिंतीवर येई आणि खोली उजळून निघे. आता त्या उन्हात पानं हलू लागली. सावल्या, लांबट पानांच्या, एकमेकांवर चढलेल्या, वाऱ्याने मागेपुढे होणाऱ्या. खिडकीबाहेर चहाच्या झुडपांशिवाय काही नव्हतं. तिने पडदा ओढला. पडद्यावर काही दिसलं नाही. भिंतीवर पानं तशीच हलत राहिली. त्या दिवसापासून ती बैठकीच्या खोलीत झोपू लागली. पाहुण्याने तक्रार केली की खोली बदलून द्यायची, ही तर साधी गोष्ट आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

आणखी एक गोष्ट होती, ती मात्र तिने स्वतःलाही सांगितली नाही. चहा घेऊन ती अंगणात यायची, एक घोट घ्यायची, आणि दुसरा घ्यायला जायची तर चहा गार होऊन त्यावर साय आलेली असायची. मका-घेवडा दोनदा जळाला. भूक लागायची, पण ताट वाढून घेईपर्यंत कुठेतरी उभी राहायची आणि दुपार निघून गेलेली असायची.

असंच एकदा तिला घरात थांबवेना म्हणून ती रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर गेली. गिताही ट्रॅक्टर उभा करून पाव बुडवून खात होता. मूल नसलेल्या बाईला अमक्याची आई म्हणून हाक मारता येत नाही, म्हणून गाव तिला मोंबासा म्हणायचं.

"या, मोंबासा मॅडम. रागावलात का हो माझ्यावर? काल सकाळी तुम्ही अंगणात उभ्या होतात, जाताना हात केला, तुम्ही ढुंकूनही बघितलं नाहीत. दुपारी परत येतो तर तुम्ही तिथंच. म्हटलं, बाई ऊन खातायत."

"मी काल घरात होते."

"असाल बुवा. मग तुमची जुळी असेल." तो हसला. ती हसली नाही, तसा त्याने विषय बदलला. "बाकी दादा काय म्हणतात? खोल्यांचा पाया भरला म्हणे."

"दादाने तुम्हाला बुडख्याचे पुष्कळ दिले असतील," ती म्हणाली. हे ती का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. भावाचं कौतुक कोणाच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढंच असेल.

"दिले? तुमचा दादा आणि देणार?" गिताहीला ठसकाच लागला. "आधी म्हणे तासावर देतो. साखळी तुटली तर म्हणे साखळी तुझी. आणि त्या शनिवारी बुडखा सुटला तो नुसता हात लावताच, गाजर उपटावं तसा. मग म्हणतो, यात तू काय केलंस? डिझेलपुरते टेकवले आणि लावलं वाटेला."

"कुठल्या शनिवारी?"

"तुम्ही काठी घेऊन गेलात ना, त्या. मी मागे ट्रॅक्टर लावूनच बसलो होतो. तुम्ही वळणाआड गेलात आणि तुमची आई म्हणाली, आता लाव साखळी." त्याने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? तुमचं काळीज मोठं. दुसऱ्या कोणी नेलं नसतं ते. बायकोला म्हटलंसुद्धा मी, बहीण असावी तर अशी."

वामाइथाने कप खाली ठेवला. आजी सांगायची ते तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवलं, मधला एक शब्दही न गाळता. झाडात जे राहतं ते काठीत यावं म्हणून झाडाला काठी टेकवायची. ती काठी घेऊन दुसऱ्या झाडापर्यंत चालायचं, आणि वाटेने त्याला बोलावत राहायचं, गोड बोलून, म्हणजे ते मागे फिरत नाही. तिथे काठी टेकवायची आणि परत येताना वळून बघायचं नाही.

उतारावर दादा बोलत होता. ते तिच्याशी नव्हतं.

सख्ख्या भावाने केसाने गळा कापला, आणि वर आपण त्याच्यासाठी रडलो, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. त्याने लुबाडलं असतं तर तिने सोसलं असतं. आयुष्यभर सोसलंच होतं. त्याने प्रेम दाखवून हे केलं होतं. आई तिथे होती, पण आईला काय कळतंय, तिने मनाशी धरून ठेवलं. म्हातारी बाई. दादाने सांगितलं तसं बोलली असेल.

५

ती घरी येऊन काठी घेऊन निघाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. अर्ध्या चढणीवर तिला कळलं की पायांत चप्पल नाही. अनवाणी ती कधी न्हाणीघरातही गेली नव्हती. तापल्या मातीचा चटका बसायला हवा होता. माती गार होती. पुढे पाऊल टाकलं की तिथलीही गार होत होती.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: आपलं घर आपल्याला परत पाहिजे. चार खोल्या, पांढरी भिंत, उन्हात वाळणारी चादर. एवढंच तिने जन्मभर कमावलं होतं.

कागिरीचं लोखंडी फाटक बंद होतं. आतून पोरांचा आवाज येत होता, कोणीतरी दोरीच्या उड्या मारत होतं. तिने काठीने फाटक वाजवलं. उड्या थांबल्या. वहिनीचं दबकं बोलणं ऐकू आलं, मग दार आपटलं, आणि फाटकातली लहान खिडकी सरकली. कागिरीचे डोळे दिसले.

"दादा, खर्च तू भरणार होतास ना?" ती म्हणाली. "मग माझ्या घरात कोण भरतंय तो?"

"हळू बोल. घरात पोरं आहेत."

"माहीत आहे. म्हणून तर बाहेर उभी आहे."

तिने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"एका शब्दाने विचारायचं होतंस मला."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?" आता त्याच्या आवाजात चीड होती, पकडल्या गेलेल्या माणसाची. "कुठं नेणार होतो मी? सगळ्या टेकडीवर एक झाड राहिलेलं नाही."

"जे एक होतं ते विकलं कोणी?"

"माझ्या घरात लेकरं झोपतात, वामाइथा. तुझं काय? तू एकटी. ना मूल, ना बाळ. चार खोल्या रिकाम्या पडल्यात. तुझं असं काय जाणार होतं?"

असं काय जाणार होतं. तरी ती भांडायला आलेली नव्हती. तिला सवय होती, पाहुणा कितीही वाकडं बोलला तरी आवाज चढवायचा नाही.

"मी तुझ्या घरात काही सोडायला आलेली नाही," ती म्हणाली. "काठी तुझ्या दाराला टेकवायची तर आत्ताच टेकवली असती. फाटक उघड. माझ्याबरोबर चल. खाली नदीपलीकडे रान आहे अजून, तिथं नेऊ. मला एकटीला नाही जमायचं. तू नुसता शेजारी चाल, दादा."

तेव्हा तिला दिसलं की तो तिच्याकडे बघतच नव्हता. फाटकाला डोळे लावल्यापासून तो तिच्या डोक्याच्या वर बघत होता. खूप वर, जिथे बघायला मान मागे टाकावी लागते. त्याच्या कपाळावर लहान लहान सावल्या हलत होत्या.

"ती काठी टाकलीस तरी आता काही नाही," तो कसाबसा म्हणाला. "ते काठीत नाही राहिलं."

तिने खाली बघितलं. रस्ताभर पांढरं ऊन होतं. तिच्याभोवती तेवढी सावली होती, गोल, घराएवढी मोठी, कडेला विरळ. त्या सावलीत तिचे अनवाणी पाय होते. वर बघायचं नाही, तिने ठरवलं, आणि बघितलं नाही. डोक्यावर काहीतरी सावकाश करकरलं.

"आईला बोलाव," ती म्हणाली. "आईला हे माहीत नाही. तिला बोलाव तू."

"असल्या रीती मला कुठून ठाऊक असणार?" कागिरी म्हणाला. "मी चर्चचा माणूस." आणि खिडकी बंद झाली.

वामाइथा तिथेच राहिली. किती वेळ ते तिला सांगता आलं नसतं. निघावं, असं तिला दोनदा वाटलं. पायांनी मनावर घेतलं नाही. पोटात भुकेचा गोळा फिरत होता. सकाळपासून, की कालपासून, तिने काही खाल्लं नव्हतं.

मग फाटकाचं लहान दार किलकिलं झालं आणि आई बाहेर आली. हातात आंबिलीचा तुंबा होता, घरचा, तेलाने काळा झालेला जुना तुंबा. तिच्या मागे कोणीतरी दाराला लगेच कडी घातली. म्हातारी एकएक पाऊल टाकत सावलीच्या कडेपर्यंत आली, तिथे क्षणभर थांबली, पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि आत आली.

आई आली. सगळ्या घरातून एकटी आई आली. वामाइथाचे डोळे भरून आले. तिला लहानपणीसारखं ओरडून सांगायचं होतं, की बघ दादाने मला काय केलं. तिने तुंबा घ्यायला दोन्ही हात पुढे केले. हात नीट वाकले नाहीत, तरी तिने केले.

"आई," ती म्हणाली.

म्हातारीने मान वर केली नाही. आज तिने लेकीला "आई" म्हटलं नाही, नावानेही हाक मारली नाही. ती हळूच गुडघ्यांवर बसली. "शांत राहा," ती पुटपुटली, परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तशी. "इथंच राहा. आमच्यावर राग धरू नका. लेकरांकडे बघू नका." मग तिने तुंबा तिरका केला आणि वामाइथाच्या पायांभोवती, गोल फिरवत, सगळी आंबील ओतली. शेवटचा थेंब झटकला. हात अंगावरच्या कापडाला पुसले, आणि तशीच, पाठ न फिरवता, मागे मागे सरकत फाटकात गेली.

आतून कडी लागली. मातीत आंबील मुरत गेली, तसतशी वामाइथाची भूक भागत गेली.